कोशांतला पतंग व वर्गांतला विद्यार्थी

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं, शाळा उघडून आठवडाहि झाला नसेल, आमच्या आठवीच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग लहान खरा. परंतु त्यानें आम्हांला जो विचार करावयास लावला, तो या वार्षिकाच्या वाचकांपुढें, विशेषतः पालकांपुढें, ठेवावा असें फार दिवस मनांत होतें.

आरमोरीकडच्या एका खेड्यांतून येऊन वसतिगृहांत राहणारा एक मुलगा वही काढीत असतां त्याच्या दप्तरांतून एक कोसा घरंगळत जमिनीवर आला. कोसा म्हणजे टसराच्या किड्याचा कोश. लहान अंड्याएवढा, राखी पिवळट रंगाचा, कठीण, आणि डहाळीला धरून राहण्यासाठीं देठाच्या टोंकाला कडें असलेला. वर्गांत एकच हंशा पिकला. "किडेवाला, किडेवाला," असा घोष सुरू झाला. आम्हीं तो हंशा थांबवावयास पाहिजे होता. उलट, "शाळेंत विद्या न्यावी, किडे नेऊं नयेत," असें कांहींसें बोलून आम्हीं त्यांत आपली भर घातली. मुलगा खालीं मान घालून बसला. कोसा आम्हीं जप्त केला, शिक्षकांच्या खोलींतील खिडकींत तारेच्या जाळीच्या आंत ठेवला, आणि विसरून गेलों.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं खोली उघडतों तों जाळीच्या आंतल्या बाजूस पिवळ्या रंगाचा एक भला मोठा पतंग शांत बसलेला. पंख उघडले तेव्हां ते हाताच्या पंजाएवढे भरले, आणि प्रत्येक पंखावर भिंगासारखा एकेक पारदर्शक ठिपका. त्याहून नवल पुढेंच होतें. जाळीच्या बाहेरच्या बाजूस, पावसानें भिजलेले, विटकरी रंगाचे तीन पतंग चिकटून बसले होते. आदल्या सायंकाळीं त्यांतला एकहि तेथें नव्हता.

आम्हीं त्या मुलास बोलावून घेतलें. शिक्षा होणार या भीतीनें तो प्रथम बोलेना. मग जाळीकडे पाहतांच त्याचा चेहरा उजळला. "सर, आंतली थे मादी व्हय. रातभर वास सोडते, मंग नर येतेत. दुरून येतेत." आम्हीं विचारलें, "नर कोणता व मादी कोणती, हें तुला कसें कळलें?" त्यानें बोट दाखविलें. बाहेरच्या तिघांच्या मिशा पक्ष्याच्या पिसासारख्या रुंद व झुपकेदार होत्या. आंतल्या मादीच्या अरुंद. "नराले वास घ्या लागते ना सर, म्हनून त्याच्या मिशा मोठ्या."

पदवी मिळवून आम्हांला वीस वर्षें झालीं. इतकीं वर्षें आम्ही मुलांना विज्ञान शिकवीत आहों. कीटकांच्या मिशा हें त्यांचें घ्राणेंद्रिय आहे, हें वाक्य आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. परंतु तें वाक्य डोळ्यांनीं पाहिलें तें त्या दिवशीं प्रथम, आणि दाखविलें तें ज्याला आम्हीं हंसलों होतों त्या मुलानें. लाज वाटली, आणि ती वाटली हें बरेंच झालें.

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांना वाघाचें व सागाचें म्हणून सारें जग ओळखतें. आरमोरीच्या भागांतील ढिवर कुटुंबें ऐन व अर्जुन या झाडांवर टसराच्या अळ्या पिढ्यान् पिढ्या पोशीत आलीं आहेत. पक्षी, मुंग्या व गांधीलमाश्या यांपासून अळ्यांचें रक्षण करीत तीं दिवसदिवस जंगलांत राखण करितात. बियाण्यासाठीं राखलेले कोसे माळा करून घरांत टांगून ठेवतात, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांतून पतंग बाहेर पडूं लागतात. या पतंगाला खाण्यास तोंड नाहीं म्हटलें तरी चालेल. अळी असतां जें खाल्लें त्याच्या शिदोरीवर थोडे दिवस जगावें, जोडीदार शोधावा, अंडीं घालावींत व मरावें, एवढेंच त्याचें आयुष्य. अंधाऱ्या रात्रीं, पावसांत, एवढ्या मोठ्या जंगलांत जोडीदार शोधावयाचा, आणि वाटाड्या कोण, तर केवळ गंध.

हें कोडें जुनेंच आहे. फ्रान्समध्यें झां-आंरी फाब्र (१८२३-१९१५) नांवाचा एक शाळामास्तर होऊन गेला. त्याच्या टेबलावर एके सकाळीं मयूरपतंग जातीची मादी कोशांतून बाहेर आली. त्या रात्रीं उघड्या खिडकींतून सुमारें चाळीस नर त्याच्या घरांत शिरले. फाब्रनें मादीला घट्ट बंद पेटींत ठेवून पाहिलें, तेव्हां एकहि नर फिरकेना. दुसऱ्या एका जातीच्या पतंगावर प्रयोग करतांना त्याला असें दिसलें कीं, मादी कांचेच्या आवरणाखालीं डोळ्यांसमोर असूनहि नर तिच्याकडे पाहात नाहींत. ती रात्रीं ज्या डहाळीवर बसली होती त्या रिकाम्या डहाळीभोंवतीं घिरट्या घालतात. पुढें १९५९ सालीं जर्मनींत अडोल्फ बुटेनांट यांनीं वीस वर्षांच्या खटाटोपानंतर, तुतीवरच्या रेशमी पतंगाच्या सुमारें पांच लाख माद्यांपासून, ज्या द्रव्याच्या गंधानें नर वेडा होतो तें द्रव्य वेगळें काढून दाखविलें. पांच लाख माद्या, आणि हातीं आलें तें कांहीं मिलिग्रॅम!

गंध कशाचा हें कळलें. पण अर्धें कोडें राहिलेंच. मिशीला गंध लागला म्हणजे काम झालें असें नव्हे. हा गंध जोडीदाराचा, हा अन्नाचा, हा धोक्याचा, हें कोण ठरवितें? पंखांना आज्ञा कोण देतें? मोहरीच्या दाण्याहूनहि लहान अशा त्या मेंदूंत हा कारभार चालतो तरी कसा? या प्रश्नाच्या मागें ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्यांत एक नांव आपल्या मुलामुलींनीं अवश्य पाठ करावें असें आहे. तें नांव व्हेरोनिका रॉड्रिग्ज.

गोमंतकीय आईबापांच्या पोटीं त्यांचा जन्म १९५३ सालीं आफ्रिकेंतील केनिया देशांत झाला. आयर्लंडमधील डब्लिन येथें सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यास करीत असतां मुंबईच्या ओबैद सिद्दीकी या शास्त्रज्ञाचें संशोधन त्यांच्या वाचनांत आलें. त्यांनीं सिद्दीकींना पत्र लिहिलें, आणि १९७७ सालीं त्या मुंबईस आल्या. ज्या काळीं हुशार विद्यार्थ्यांची रीघ हिंदुस्थानांतून विलायतेकडे लागली होती, त्या काळीं ही तरुणी विलायतेंतून मुंबईस आली, इकडचीच झाली, आणि तिनें आपलें आयुष्यभराचें काम येथेंच केलें.

सिद्दीकी हेहि असामान्य पुरुष. होमी भाभा यांच्या पाचारणावरून त्यांनीं १९६२ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढें अमेरिकेंत सीमूर बेंझर यांच्याबरोबर काम करतांना, उष्णता वाढतांच लुळ्या पडणाऱ्या आणि गारवा मिळतांच पुन्हा उठून चालणाऱ्या फळमाश्यांचा त्यांनीं अभ्यास केला, व मज्जातंतूंतून संदेश कसा वाहतो यावर प्रकाश पाडला. ही फळमाशी म्हणजे कोणी परदेशीं दुर्मिळ जीव नव्हे. आपल्या घरीं पिकलेल्या केळ्यावर जीं बारीक चिलटें घोंघावतात, आणि ज्यांना आपण हातानें झटकून टाकतों, त्यांपैकींच ती एक.

रॉड्रिग्ज यांनीं सिद्दीकी यांच्या हाताखालीं या चिलटाच्या नाकाचा अभ्यास आरंभिला. त्यांची युक्ति विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन ऐकावी, कारण ती समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. इंग्रजी वाय या अक्षरासारखी दोन फांटे असलेली कांचेची नळी घ्यावयाची. एका फांट्यांतून गंधयुक्त हवा सोडावयाची, दुसऱ्यांतून साधी. खालच्या टोंकाकडून माश्या सोडावयाच्या, आणि कोण कोणत्या वाटेनें जातें तें मोजावयाचें. बहुतेक माश्या एक वाट धरतात. परंतु रसायनाच्या योगें ज्यांच्या आनुवंशिक द्रव्यांत बारीक फरक पाडला आहे अशा माश्यांच्या वंशांत कांहीं अशा निघाल्या, कीं ज्यांना कोणतीहि वाट सारखीच. त्यांना तो गंध कळतच नव्हता. आणि मौज ही, कीं कांहींना एका प्रकारचा गंध कळेना, पण दुसऱ्या प्रकारचा अचूक कळे. यावरून असें ठरलें कीं, घ्राणशक्ति ही एकच एक सरसकट शक्ति नाहीं. निरनिराळ्या गंधांसाठीं निरनिराळीं द्वारें आहेत, आणि त्या द्वारांच्या किल्ल्या जनुकांच्या हातीं आहेत.

पुढें १९८४ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें एरिख बुखनर यांच्या समवेत त्यांनीं आणखी एक पायरी गांठली. शरीराचा जो भाग काम करतो तो अधिक साखर ओढून घेतो, हें आपण जाणतोंच. किरणोत्सर्गी खूण केलेली साखर माशीला देऊन, व मग तिला एकेक गंध हुंगवून, मेंदूंतील कोणता भाग जागा झाला हें त्यांनीं पाहिलें. माशीच्या मेंदूंत गंधाचा म्हणून जो खंड आहे त्यांत मज्जातंतूंचे सुमारें पन्नास लहान लहान गोळे आहेत. निरनिराळ्या गंधांनीं निरनिराळे गोळे जागे होतात असें दिसून आलें. म्हणजे बाहेरच्या गंधांचा जणूं एक नकाशाच त्या इवल्या मेंदूंत मांडलेला आहे! नंतर मुंबईस, आणि उत्तरकाळीं बंगळूर येथें सिद्दीकींनीं स्थापिलेल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत, कीटकाची वाढ होत असतां हे मज्जातंतु आपापली जागा कशी शोधून काढतात, याचा त्यांनीं शोध घेतला व अनेक विद्यार्थी तयार केले. दीर्घ आजारांतहि त्यांचें काम सुटलें नव्हतें. १० नोव्हेंबर २०१० रोजीं त्या निवर्तल्या. गुरु सिद्दीकी २०१३ सालीं गेले.

यावर कोणी म्हणेल, "चिलटाचें नाक समजून मनुष्याचें काय भलें झालें?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यास उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. महाराष्ट्रांतील हिंवतापाच्या रोग्यांपैकीं फार मोठा वांटा वर्षानुवर्षें गडचिरोलीच्या कपाळीं आला आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या बाजूच्या कोणत्याहि मुलास विचारा. घरांत तापानें कोणी अंथरूण धरलें नाहीं असा पावसाळा त्याला क्वचितच आठवेल. हा ताप डांस पसरवितो हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस शोधून काढलें. पण अंधारांत, झोंपलेल्या माणसांपर्यंत डांसाची मादी पोंचते कशी? आपल्या श्वासावरून व अंगाच्या वासावरून. अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे जॉन कार्लसन व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत, आफ्रिकेंतील हिंवतापी डांसाच्या मिशींतील गंधद्वारें एकेक करून फळमाशीच्या मज्जापेशींत बसविलीं, आणि मनुष्याच्या अंगच्या कोणत्या गंधास कोणतें द्वार उघडतें हें पाहिलें. ज्या चिलटाच्या नाकाला निरुपयोगी म्हणून आपण हंसतों, तें नाक डांसाच्या नाकाची परीक्षा घेण्याची कसोटी ठरलें. यानें उद्यांच हिंवताप नाहींसा होईल असें आम्ही म्हणत नाहीं. आज मच्छरदाणी लावणें, पाणी सांचूं न देणें व ताप येतांच रक्त तपासणें, यांवांचून गत्यंतर नाहीं. पण शत्रूला चुकवावयाचें तर तो आपल्याला कसा ओळखतो, हें आधीं कळलें पाहिजे.

आतां या मेंदूची मोजदाद ऐका. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आहेत. मधमाशीच्या मेंदूंत सुमारें दहा लाख. आणि फळमाशीच्या मेंदूंत किती, हें आतां एकेक मोजून कळलें आहे. १,३९,२५५. अनेक देशांतील शास्त्रज्ञांनीं मिळून एका मादी माशीच्या मेंदूचे अतिसूक्ष्म काप घेऊन प्रत्येक मज्जापेशी व तिचे सांधे रेखाटले, आणि तो नकाशा २०२४ सालच्या आक्टोबर महिन्यांत प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें पांच कोटि सांधे आहेत. आमच्या शाळेच्या पटावर जेवढीं मुलें आहेत तेवढ्यांचें वेळापत्रक बसवितांना आमची तारांबळ उडते. चिलटाच्या मस्तकांतील ही व्यवस्था मात्र चुकत नाहीं.

आपल्या जंगलांतील आग्या मोहोळ तर सर्वांच्या ओळखीचें आहे, कारण त्याचा प्रसाद ज्याला मिळाला नाहीं असा मनुष्य इकडे विरळा. उंच झाडाच्या आडव्या फांदीखालीं उघड्यावर लोंबणारें तें पोळें. त्यावर माशी जो नाच करते त्यांत फुलांची दिशा व अंतर सांगितलेलें असतें. मधमाश्यांची ही भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण आपली आग्यामाशी याहूनहि पुढें गेली आहे. चांदण्या रात्रीं सुद्धां ती फुलांवर जाते. फ्रेड डायर या संशोधकानें १९८५ सालीं दाखवून दिलें कीं, रात्रीं परत येऊन नाचतांना ती दिशा सांगते ती चंद्रावरून नव्हे, तर क्षितिजाखालीं गेलेल्या, न दिसणाऱ्या सूर्यावरून! सूर्य मावळल्यावर तो कोठें असेल याचा हिशेब जिच्या मेंदूंत चालतो, तिचें पोळें आपण टेंभा लावून जाळतों. मध फांदीजवळच्या वरच्या भागांत असतो. खालच्या मोठ्या भागांत पिलें असतात. अंगभर जाड कपडा घालून, थोड्या धुरानें माश्या बाजूस सारून, केवळ मधाचा भाग कापून घेतां येतो, आणि पोळें जिवंत राहतें. जाळणाऱ्याला एकदां मध मिळतो. राखणाऱ्याला पुन्हा मिळण्याची आशा असते. मोहफुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची जी रीत आहे तिच्याविषयींहि आमचें हेंच म्हणणें आहे. त्या पाल्यांत किती जीव जळतात याचा हिशेब ठेवणारा कोणी नाहीं.

येथें कोणी आम्हांवर असा आक्षेप घेईल, कीं मास्तरांनीं किड्यांना थोर पंडित बनविलें. तसें आम्हीं मुळींच केलेलें नाहीं. ज्या फाब्रनें पतंगांची कीर्ति सांगितली त्यानेंच एकामागें एक रांगेनें चालणाऱ्या अळ्यांची गोष्ट लिहून ठेविली आहे. अशा अळ्यांची रांग एका कुंडीच्या कांठावर चढली आणि पुढची अळी मागच्या अळीस जाऊन मिळाली. झालें! शेपटाला तोंड लागून वर्तुळ पुरें झालें. आणि त्या अळ्या सात दिवस त्या कांठावरून फिरत राहिल्या. अन्न जवळच होतें, पण रांग सोडून बाजूस पाहावें असें एकीच्याहि मनांत आलें नाहीं. कीटकाची बुद्धि ठराविक वाटेवर अचूक चालते. वाट मोडली कीं बिचारी गोंधळते. मनुष्याचें थोरपण असलेंच तर तें रांग सोडून बाजूला पाहतां येण्यांत आहे. हें लिहितांना मनांत आल्यावांचून राहात नाहीं कीं, मार्गदर्शिका पाठ करून एकामागें एक परीक्षेच्या कुंडीवर फिरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांत, आणि त्यांना फिरविणाऱ्या आम्हां शिक्षकांत, हें थोरपण कितपत उरलें आहे?

रॉड्रिग्ज यांच्या अखेरच्या काळांतील एक संशोधन आमच्या या विषयाशीं फार जवळचें आहे. एकच गंध माशीला कांहीं दिवस सतत देत राहिलें, तर तिला त्याचें कांहींच वाटेनासें होतें. नाक बिघडलेलें नसतें. गंध आंत पोंचतो. पण मेंदूंतील आवर घालणाऱ्या पेशी बळावतात व त्याला पुढें जाऊं देत नाहींत. यालाच आपण सवय म्हणतों. आमच्या मतें आपल्या जिल्ह्यांतील सुशिक्षितांचें असेंच झालें आहे. जें पाहण्यासाठीं पुण्यामुंबईचे लोक पैसे खर्चून ताडोबास येतात, त्याच्या मधोमध आपण राहतों. पण सवयीनें आपल्याला तें दिसत नाहीं. आणि ज्या मुलाला तें अजून दिसत असतें, त्याला शाळेंत घालून पहिलें काम आम्ही करितों तें त्याचे डोळे मिटवण्याचें. तो झाडाचें नांव आपल्या बोलींत सांगतो, आम्ही त्याचे शब्द सुधारतों. तो कोसा आणतो, आम्ही जप्त करतों.

दिवाळीपूर्वीं पालकांची सभा भरली तेव्हां त्या मुलाचे वडील आले होते. आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यांना खिडकींतल्या पतंगांची हकीकत सांगितली. ते हंसतील असें वाटलें होतें, पण ते हात जोडून म्हणाले, "सर, आमचा जलम किड्याईमागं गेला. पोराले तरी यातून काहाडा जी." आम्हांला एकदम उत्तर सुचलें नाहीं. उन्हापावसांत अळ्यांची राखण करणाऱ्या, आणि एका रोगाच्या झपाट्यांत सारा हंगाम गमावणाऱ्या बापाच्या तोंडचे ते शब्द होते. खुर्चीवर बसून कीटकांचें कौतुक करणाऱ्यानें त्यांच्यापुढें बोलण्याआधीं दोनदां विचार केला पाहिजे.

विचार करून आम्ही आतां जें म्हणतों तें असें. त्या बापाचें म्हणणें खरें आहे. मुलानें टसरच पोसावा असें म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. त्यानें डॉक्टर व्हावें, तलाठी व्हावें, शिक्षक व्हावें, जें त्याच्या मनास येईल तें व्हावें. परंतु किड्यांमागें गेलेल्या त्या जन्मांत बापानें जें कमावलें, तें दारिद्र्याबरोबर फेंकून देण्याजोगें नाहीं. पानावरची अळी रोगट केव्हां दिसते, कोणता पतंग नर, कोणती रात्र पतंग फुटण्याची, हें ओळखणारी दृष्टि ही त्या घरची मिळकत आहे. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनीं कांचेच्या नळीपाशीं बसून जें केलें, त्याची पहिली पायरी हीच. पाहावें, मोजावें, आणि जें दिसलें तेंच सांगावें. आमचा विद्यार्थी त्या पायरीवर जन्मतःच उभा आहे. पुढच्या पायऱ्या दाखविणें हें शाळेचें काम. त्याला पहिलीवरून खालीं ढकलणें हें नव्हे. आणि टसराच्या अळ्यांचे रोग आवरावयाचे असतील, तर ते ज्यानें घरीं पाहिले त्याच्याइतका योग्य संशोधक कोणता मिळणार?

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलगा किंवा मुलगी मुंगीच्या वारुळापाशीं घटकाभर बसून राहिली तर "वेळ वायां घालवूं नको" म्हणून तिला उठवूं नये; काय पाहिलेंस, एवढें विचारावें. परीक्षेंत तो प्रश्न येणार नाहीं हें आम्हांसहि ठाऊक आहे. शिक्षकबंधूंस विनंति ही, कीं विज्ञानाचा एक तास आठवड्यांतून वर्गाबाहेर घ्यावा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस सांगणें एवढेंच. चार आण्याची जुनी वही असली तरी चालेल. तींत तारीख घालून, ज्या जीवाला पाहिलें त्याचें घरच्या बोलींतलें नांव आधीं लिहा, पुस्तकी नांव मागाहून शोधा. किती वाजतां पाहिलें, कोणत्या झाडावर, काय करीत होता, तें लिहा. जें दिसलें नाहीं तें लिहूं नका. वर्षभरांत ती वही तुमच्या कोणत्याहि पाठ्यपुस्तकाहून मोलाची होईल, कारण तिच्यांतलें दुसऱ्या कोणीहि लिहिलेलें नसेल.

खिडकींतल्या त्या मादीनें पुढच्या दोन रात्रींत जाळीवर पुष्कळ अंडीं घातलीं, आणि आठवडाभरांत ती मेली. अंडीं त्या मुलानें पानाच्या द्रोणांत अलगद झाडून घेतलीं व शनिवारीं घरीं नेलीं. आमच्या टेबलावर आतां एक रिकामा कोसा आहे. तो आम्हीं मुद्दाम ठेवला आहे. वर्गांत कोणाला हंसण्याची लहर आली, म्हणजे आम्ही आधीं त्याच्याकडे पाहतों.